दोन कलमांचा एक चाकू



घरातील एखादी जुनी ट्रंक किंवा माळ्यावरची पेटी आवरताना तुम्हाला कधी घडीचा चाकू सापडला आहे का? लाकडाची किंवा शिंगाची मूठ, मुठीच्या खाचेत मिटून बसलेले बोटभर पाते आणि पात्याच्या पाठीजवळ नख अडकवण्यापुरती एक लहानशी खोबण. नख घालून पाते ओढले की ते आधी अडते, जोर वाढवला की पुढे येते आणि शेवटी ‘टक्’ असा आवाज करून ताठ उभे राहते.

हा आवाज कशाचा? पाते अधेमधे का अडते? पेन्सिलीचे लाकूड सहज तासणारा चाकू पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर का घसरतो? आवळा चिरला की जुने पाते काळे का पडते? या साध्या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो तर बल, दाब, पाचर, तरफ, पोलाद, गंज असे विज्ञानाच्या पुस्तकातील अनेक धडे त्या बोटभर पात्यावर सापडतात. आणि एक काम तर असे आहे की, तेथे चाकूची धार चांगली आहे की वाईट यावर एका झाडाचे जगणे-मरणे ठरते. त्या कामापर्यंत आपण या लेखात पायरी-पायरीने जाऊ.

लेखणीचे कलम, झाडाचे कलम

‘चाकू’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. त्याच वाटेने ‘कलम’ हा शब्दही आला. कलम म्हणजे लेखणी. पूर्वी आपल्याकडे बोरूने लिहीत. बोरू म्हणजे एका जातीच्या गवताची पोकळ कांडी. तिचे टोक तिरके तासायचे, त्याला मधोमध एक बारीक चीर द्यायची, म्हणजे शाई त्या चिरेतून केशाकर्षणाने टोकापर्यंत उतरते. चीर वेडीवाकडी गेली की अक्षर बिघडले. म्हणून लिहिणाऱ्याजवळ दौतीइतकाच चाकूही आवश्यक असे. युरोपात पक्ष्याच्या पिसाची लेखणी असे. तीही चाकूनेच तासावी लागे. खिशातल्या लहान चाकूला इंग्रजीत आजही ‘पेननाइफ’, म्हणजे लेखणीचा चाकू, म्हणतात ते त्यामुळेच.

पण मराठीत ‘कलम’ या शब्दाला दुसराही अर्थ आहे. आंब्याचे कलम, गुलाबाचे कलम. तेही चाकूनेच करतात. एकाच शब्दाची ही दोन कलमे आणि दोन्हींना लागणारे अवजार एकच! बोरू गेला, पिसे गेली, पण दुसरे कलम आजही कोकणातल्या प्रत्येक रोपवाटिकेत होते.

मिटणारा चाकू ही कल्पना मात्र या दोन्ही शब्दांहून खूप जुनी आहे. ऑस्ट्रियातील हालष्टाट येथे हाडाच्या मुठीचा असा एक चाकू सापडला असून तो सुमारे २,५०० वर्षांपूर्वीचा मानला जातो. रोमन लोकही घडीचे चाकू वापरीत. धार ही उपयोगाची, पण सांभाळायला अवघड वस्तू आहे. उघडी राहिली तर ती माणसाला कापते आणि इकडेतिकडे आपटून बोथटही होते. मुठीलाच म्यान केले की दोन्ही अडचणी सुटतात. घडीच्या चाकूचे सारे महत्त्व यात आहे.

धार म्हणजे नेमके काय?

धार म्हणजे पात्याच्या दोन बाजू जेथे मिळतात ती कडा. भूमितीतल्या रेषेला जाडी नसते. खऱ्या धारेला असते. ही जाडी किती, यावरच सगळे अवलंबून आहे.

दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारे बल, हे तुम्ही शिकला आहात. आता एक हिशेब करू. समजा, तुम्ही बटाट्यावर चाकू टेकवला आणि १ किलोग्रॅम वजनाइतके बल लावले. पाते बटाट्याला २ सेंटिमीटर लांबीवर टेकले आहे. चाकू बोथट आहे आणि त्याच्या धारेची जाडी ०.१ मिलिमीटर, म्हणजे एखाद्या जाड केसाइतकी आहे. तर टेकलेले क्षेत्रफळ झाले २ × ०.०१ = ०.०२ चौरस सेंटिमीटर. दाब झाला १ ÷ ०.०२, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोग्रॅम. हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे पन्नास पट.

आता त्याच चाकूला उत्तम धार लावली आणि कडेची जाडी ०.००१ मिलिमीटर झाली असे समजा. हात तोच, बल तेच. क्षेत्रफळ मात्र शंभर पटींनी घटले, म्हणून दाब शंभर पटींनी वाढला. तो झाला दर चौरस सेंटिमीटरला ५,००० किलोग्रॅम! महासागराच्या सर्वांत खोल तळाशी पाण्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ११०० पट असतो. म्हणजे त्याच्या चौपटीहून अधिक दाब तुमच्या हातातल्या चाकूच्या धारेखाली, एका साध्या बटाट्यावर पडला.

धार लावल्याने चाकूला जास्त शक्ती येते असे आपण बोलण्यात म्हणतो. खरे तर धार शक्ती देत नाही. तुमचेच बल ती अतिशय लहान जागेवर एकवटते.

पाचर आणि बांबूच्या कामट्या

धारेने सुरुवात केली, पण पुढचे काम कोण करते? धारेमागचे पाते. पाते आडवे कापून पाहिले तर ते एका बारीक, निमुळत्या त्रिकोणासारखे दिसेल. हीच पाचर. पाचर हे तुमच्या पुस्तकातील साध्या यंत्रांपैकी एक. तिचा गुण असा की, खाली लावलेल्या बलाचे ती बाजूंना रेटणाऱ्या मोठ्या बलात रूपांतर करते.

समजा, पाते १५ मिलिमीटर रुंद आणि पाठीकडे २ मिलिमीटर जाड आहे. पाते १५ मिलिमीटर आत जाते तेव्हा पदार्थ फक्त २ मिलिमीटर फाकतो. म्हणजे घर्षण सोडून दिले तर बाजूला रेटणारे बल लावलेल्या बलाच्या साडेसात पट झाले. प्रत्यक्षात घर्षण यातला मोठा वाटा खाते. ओल्या पात्याला बटाटा कमी चिकटतो आणि चिकट गुळाच्या ढेपेत चाकू रुतून बसतो, तो या घर्षणामुळेच.

मग पाते शक्य तितके पातळ का करू नये? कारण फार पातळ धार लवकर वाकते किंवा तुटते. म्हणून कामाप्रमाणे धारेचा कोन ठरतो. वस्तऱ्याच्या धारेचा कोन सुमारे १५ ते २० अंश असतो. त्याला फक्त केस कापायचे असतात. घडीच्या चाकूचा कोन साधारणपणे ३० ते ४० अंश असतो. लाकूड फोडणाऱ्या कुऱ्हाडीचा त्याहूनही मोठा असतो. वस्तऱ्याने लाकूड तोडायला गेलात तर वस्तरा मोडेल आणि कुऱ्हाडीने दाढी करायला कोणी बसणार नाही!

पाचरीचे काम उघड्या डोळ्यांनी पाहायचे असेल तर दिवाळीत आकाशकंदिलासाठी बांबूच्या कामट्या काढताना पाहा. बांबूच्या तोंडावर पाते बसवून एक ठोका दिला की चीर पात्याच्या पुढे पळते. नीट पाहिले तर चिरेच्या टोकाशी धार पोहोचलेलीच नसते! पात्याची जाडी दोन भाग फाकवते आणि बांबूचे तंतू एकमेकांपासून सुटत जातात. हेच पाते तंतूंच्या आडवे लावा. प्रत्येक तंतू धारेनेच कापावा लागेल आणि काम कितीतरी पटींनी अवघड होईल. पेन्सिल तासताना आपण चाकू तंतूंच्या दिशेने थोडा तिरका धरतो, त्याचे कारणही हेच.

दाबून की ओढून?

आता टोमॅटोचा प्रश्न. पिकलेल्या टोमॅटोवर चाकू नुसता दाबला तर साल खचते, रस बाहेर येतो, पण काप पडत नाही. तोच चाकू थोडा ओढला की साल चटकन कापली जाते. का?

पहिले कारण म्हणजे धार वाटते तितकी गुळगुळीत नसते. सूक्ष्मदर्शकाखाली ती करवतीच्या अगदी बारीक दात्यांसारखी दिसते. ओढल्यावर हे दाते सालीत अडकतात आणि तिला ताणून तोडतात.

दुसरे कारण समजण्यासाठी घाटातला रस्ता आठवा. डोंगर सरळ चढायला उभा असतो. पण रस्ता वळणे घेत तिरका चढवला की तोच डोंगर एस.टी. बस सहज चढते. उंची तेवढीच, पण वाट लांबल्यामुळे चढ सौम्य झाला. पात्याचेही तसेच होते. समजा, पाते १ मिलिमीटर खाली जाते तेवढ्यात तुम्ही ते ३ मिलिमीटर पुढे ओढले. पायथागोरसच्या प्रमेयाने त्याची तिरकी वाट झाली सुमारे ३.२ मिलिमीटर. जेवढी जाडी आधी १ मिलिमीटरच्या वाटेत पदार्थात शिरत होती, तेवढीच आता ३.२ मिलिमीटरच्या वाटेत शिरते. जणू पाचर तिपटीहून अधिक निमुळती झाली!

करून पाहा

हा प्रयोग घरी मोठ्या माणसांच्या देखत करा. शाळेत शिक्षकांनी तो स्वतः करून दाखवावा.

स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर एक लहान लाकडी फळी ठेवा, तिच्यावर अर्धा कापलेला बटाटा सपाट बाजूने ठेवा आणि काटा शून्यावर आणा. आता बोथट चाकू बटाट्यावर सरळ खाली दाबा. पाते आत शिरू लागेल त्या क्षणी काटा किती ग्रॅम दाखवतो ते दुसऱ्या विद्यार्थ्याने टिपून घ्यावे. हाच प्रयोग तीन वेळा करून सरासरी काढा. मग धार लावलेला चाकू घेऊन पुन्हा करा. शेवटी तोच धारदार चाकू दाबण्याऐवजी ओढून पाहा. तीन सरासऱ्यांचा स्तंभालेख वहीत काढा. चाकूची धार डोळ्यांना दिसत नाही, पण ती अशी मोजता येते.

एकाच चाकूत दोन पोलादे

धार बारीक असावी हे ठरले. पण ती बारीक राहावी कशी? त्यासाठी पाते कठीण हवे. कठीण वस्तू बहुधा ठिसूळ असते, काच पाहा. चाकू काचेसारखा ठिसूळ असून चालणार नाही. तो कठीण हवा आणि चिवटही हवा. ही तारेवरची कसरत लोहार हजारो वर्षे करीत आला आहे.

शुद्ध लोखंड मऊ असते. त्यात शेकडा अर्धा ते एक भाग इतका थोडा कार्बन मिसळला की चाकूजोगे पोलाद तयार होते. हे पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले की लालबुंद होते आणि त्यातील कार्बनचे अणू लोखंडाच्या स्फटिकांत विरघळतात. अशा वेळी ते एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवले की कार्बनच्या अणूंना बाहेर पडायला वेळच मिळत नाही. ते स्फटिकांत अडकून पडतात, स्फटिक ताणले जातात आणि पोलाद अत्यंत कठीण होते. याला आपले लोहार ‘पाणी देणे’ म्हणतात. माणसाच्या अंगातले ‘पाणी’ पाहण्याची भाषा आपण करतो, तीही येथे आठवावी!

पण असे पोलाद ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा हलकेच तापवतात. तापमान मोजायला लोहाराजवळ तापमापक नसतो. तो पोलादाचा रंग पाहतो. घासून चकचकीत केलेले पोलाद तापू लागले की सुमारे २२० अंशांना त्यावर फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, पुढे जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. हे रंग पोलादाच्या पृष्ठभागावर तयार होणाऱ्या ऑक्साइडच्या अतिपातळ थराचे आहेत. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात रस्त्यावरच्या तेलावर रंग दिसतात, त्याच प्रकारचे. थर जाड होत जातो तसा रंग बदलतो.

पाते पिवळ्या रंगाच्या आसपास थांबवले की ते कठीण राहते. निळ्यापर्यंत नेलेले पोलाद थोडे मऊ, पण लवचीक होते. ते स्प्रिंगला योग्य. म्हणजे कठीण पाते आणि लवचीक स्प्रिंग, अशी दोन स्वभावांची पोलादे एकाच मुठीत शेजारी शेजारी राहतात.

‘टक्’ कशामुळे होते?

आता त्या आवाजाकडे वळू. मुठीच्या पाठीच्या बाजूला पोलादाची एक लांब पट्टी असते. तीच स्प्रिंग. पात्याचे मागचे टोक एका खिळ्याभोवती फिरते आणि स्प्रिंग त्या टोकावर सतत दाबून असते. हे टोक गोल नसून दोन ठिकाणी सपाट घासलेले असते. पाते पूर्ण मिटलेले किंवा पूर्ण उघडलेले असते तेव्हा स्प्रिंग सपाट बाजूवर निवांत टेकते. मधल्या स्थितीत मात्र टोकाचा कोपरा स्प्रिंगला वर उचलतो. तुम्ही नखाने लावलेला जोर स्प्रिंगमध्ये स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठतो. कोपरा ओलांडला की स्प्रिंग सपाट बाजूवर आपटते आणि ‘टक्’ ऐकू येते.

डोंगराच्या दोन बाजूंना दोन दऱ्या आहेत आणि मध्ये शिखर आहे, असे समजा. गोटी कोणत्याही दरीत स्थिर राहील, शिखरावर राहणार नाही. पात्याच्या दोन स्थिर अवस्था म्हणजे या दोन दऱ्या.

येथे एक इशारा आहे. अशा चाकूला कुलूप नसते. उघडलेल्या पात्याच्या पाठीवर जोर पडला किंवा त्याचे टोक कशात खुपसले तर पाते शिखर ओलांडून बोटांवर मिटू शकते. पाते लांब असल्याने ते तरफेसारखे वागते. टोकाशी पडलेला थोडा जोरही खिळ्याजवळच्या स्प्रिंगवर भारी पडतो. हा धोका टाळण्यासाठी निरनिराळ्या युक्त्या निघाल्या. फ्रान्सच्या सावोआ या डोंगराळ भागात झोझेफ ओपिनेल याने १८९० च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी साधा लाकडी मुठीचा चाकू बनवला. त्याच्या चाकूला १९५५ मध्ये एक फिरणारे कडे बसवण्यात आले. पाते उघडून कडे फिरवले की पाते मिटण्याची वाटच बंद होते.

स्प्रिंगचा दुसरा हुशार उपयोग स्वित्झर्लंडमध्ये झाला. तेथील सैनिकांना १८९१ पासून जो चाकू मिळू लागला त्यात पाते, डबा उघडण्याचे हत्यार, भोके पाडण्याची आरी आणि बंदूक उघडण्यासाठी पेचकस अशा चार वस्तू होत्या. कार्ल एल्सनर या कारागिराने पुढे १८९७ मध्ये एकाच स्प्रिंगच्या दोन्ही टोकांचा उपयोग करून मुठीच्या दोन्ही बाजूंना अवजारे बसवली. स्प्रिंगा थोड्या, अवजारे जास्त आणि चाकू हलका! जगभर प्रसिद्ध असलेला लाल मुठीचा स्विस चाकू तो हाच.

आवळा आणि शाई

आवळा, कच्चे केळे किंवा कैरी जुन्या विळीवर चिरली की फोडीच्या कडा आणि पाते काळे पडते. हा मळ नव्हे, रसायनशास्त्र आहे. आवळ्यात टॅनिन नावाचे तुरट पदार्थ असतात. फळातील आम्ल पात्याचे थोडे लोखंड विरघळवते, ते लोखंड टॅनिनशी संयोग पावते आणि काळानिळा पदार्थ तयार होतो. गंमत अशी की, पूर्वी हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करीत, तीही याच क्रियेने. हिरड्यात टॅनिन आणि हिराकसात लोह. म्हणजे बोरू तासणाऱ्या चाकूवर आवळा चिरला की त्या बोरूची शाईही पात्यावर तयार होते!

पोलाद काळे पडू नये, गंजू नये म्हणून काय करावे? इंग्लंडमधील शेफील्ड या चाकूंसाठी विख्यात असलेल्या गावी हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ मध्ये शेकडा सुमारे १३ भाग क्रोमियम असलेले पोलाद बनवले. क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पात्यावर न दिसणारा, घट्ट थर बसतो आणि आतले लोखंड सुरक्षित राहते. थर ओरखडला तरी पुन्हा आपोआप तयार होतो. हेच आपले स्टेनलेस स्टील. तरीही अनेक माळी आणि सुतार आजही साधे कार्बनचे पोलाद पसंत करतात. त्याला दगडावर लवकर धार येते. मात्र काम संपताच पाते पुसून त्यावर तेलाचे बोट फिरवावे लागते.

एका झाडाचे जगणे

आता सुरुवातीला म्हटले होते त्या कामाकडे येऊ.

हापूस आंब्याची कोय लावली तर येणाऱ्या झाडाला तसाच हापूस येईल याची खात्री नसते. कारण फुलात दुसऱ्या झाडाचे पराग आलेले असू शकतात. तसाच आंबा हवा असेल तर त्याच झाडाचा तुकडा जगवावा लागतो. म्हणून कलम करतात. आज बागांत उभे असलेले प्रत्येक हापूसचे कलम हे आधीच्या एखाद्या हापूस झाडाच्या फांदीचा वाढलेला तुकडा आहे, ती फांदी त्याआधीच्या झाडाची, आणि अशी ही परंपरा मागे मागे जाते. हापूसची सारी वंशावळ चाकूच्या पात्यावरून चालत आली आहे.

कोकणात पावसाळ्यात ‘कोय कलम’ करतात. रुजलेल्या कोयीचे पंधरा-वीस दिवसांचे, तांबूस पानांचे कोवळे रोप घेतात. कोयीच्या वर काही सेंटिमीटर अंतर ठेवून त्याचा शेंडा छाटतात आणि खोडाला मधोमध चार-पाच सेंटिमीटर उभी चीर देतात. मग हापूसच्या झाडावरची, डोळा फुगलेली काडी आणून तिचे खालचे टोक दोन्ही बाजूंनी तासतात. काय तयार होते? पाचर! ती रोपाच्या चिरेत बसवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. चाकू स्वतः पाचर आहे आणि तो येथे दुसरी पाचर घडवतो.

आता यात धारेचा काय संबंध? सालीच्या आत जिवंत, सतत विभागणाऱ्या पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो. त्याला कँबियम म्हणतात. रोपाचा आणि काडीचा हा थर एकमेकांना टेकला, तरच दोहोंच्या पेशी वाढून सांधा जुळतो आणि मुळांनी शोषलेले पाणी काडीपर्यंत पोहोचते. तोपर्यंत काडी स्वतःजवळच्या ओलाव्यावर तग धरून असते.

धारदार चाकूने एका ओढीत तासलेला काप आरशासारखा सपाट असतो. दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवर चपखल बसतात; कापाच्या कडेच्या थोड्याच पेशी मरतात. बोथट चाकू मात्र पेशी कापत नाही, चिरडतो. आपण हिशेबात पाहिले तसे, बोथट धारेखाली दाब कमी असतो. म्हणून हात जोर लावतो आणि धार शिरण्याआधी आजूबाजूच्या पेशी दबून फुटतात. काप खडबडीत होतो, मध्ये पोकळी राहते, तेथे पाणी आणि बुरशी शिरते. बांधलेल्या पट्टीमुळे वरून काहीच कळत नाही. काही दिवसांनी काडी काळी पडते, तेव्हा कळते. तोवर त्या रोपाचे कोवळेपण गेलेले असते आणि हंगामही सरत आलेला असतो. म्हणून कुशल माळी मधून मधून थांबून चाकूला धार लावताना दिसला तर तो वेळ घालवत आहे असे समजू नका. तो कलमे वाचवत आहे.

कलमाच्या चाकूचे पाते बहुधा एकाच बाजूने उतरते असते. दुसरी बाजू सपाट ठेवल्याने काप रंध्याने तासल्यासारखा सरळ येतो. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाते स्पिरिटने पुसणेही आवश्यक असते. नाही तर एका झाडाचा रोग पात्यावरून दुसऱ्याकडे जातो. डॉक्टरांच्या शस्त्रक्रियेला लागू असलेले नियम झाडाच्या शस्त्रक्रियेलाही लागू आहेत.

धार राखणे

धार ही एकदाच मिळणारी वस्तू नाही. प्रत्येक कापाबरोबर ती थोडी झिजते, थोडी दुमडते. ती परत आणायला कुरुंदाचा किंवा कार्बोरंडमचा दगड लागतो. कारण पोलाद घासायला पोलादाहून कठीण वस्तूच हवी. दगडावर पाणी किंवा तेल टाकून पाते प्रत्येक बाजूला १५ ते २० अंशांचा कोन करून सरकवतात. कोन कसा मोजायचा? त्रिकोणमिती वापरा. १५ मिलिमीटर रुंद पात्याची पाठ दगडापासून ४ ते ५ मिलिमीटर उचललेली हवी. म्हणजे पाठीखाली दोन-तीन नाणी एकावर एक मावतील इतके अंतर. हे अंतर शेवटपर्यंत सारखे राखणे हेच सारे कौशल्य. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते उलट दिशेने फिरवले की धारेवर उभा राहिलेला बारीक कंगोरा निघून जातो. धार पाहायची ती कागदाच्या कडेवर. अंगठ्यावर कधीही नाही.

पुष्कळांना वाटते, बोथट चाकू मुलांसाठी सुरक्षित. हे उलटे आहे. बोथट चाकूला जोर जास्त लागतो आणि जोर जास्त असताना तो सालीवरून घसरला तर थांबवता येत नाही. धारदार चाकू कमी जोरात, ठरवलेल्या ठिकाणी कापतो. मात्र काही नियम सोडू नका. चाकू शरीराच्या विरुद्ध दिशेने चालवा. दुसऱ्याला देताना मिटून द्या. हातातून पडला तर झेलायला जाऊ नका, पडू द्या. तो मोठ्या माणसांच्या परवानगीने, घरी किंवा बागेत वापरा. शाळेच्या दप्तरात, जत्रेत किंवा गर्दीत नेऊ नका. विमानात तर तो हातातल्या सामानातून नेऊच देत नाहीत. मराठीत आपण सुताराच्या पेटीतल्या वस्तूंनाही ‘हत्यारे’ म्हणतो. चाकू अवजार राहतो की शस्त्र होतो, हे पात्यावर नाही, तो धरणाऱ्या हातावर ठरते.

येत्या पावसाळ्यात जवळपास एखादी रोपवाटिका असेल तर शिक्षकांबरोबर तेथे जा आणि कलम बांधताना माळ्याचा हात पाहा. शेंडा छाटायला, चीर द्यायला, काडी तासायला त्याला किती ओढी लागतात ते मोजा. एका कलमाला चारपाचच ओढी लागत असतील, तर त्याच्या चाकूला उत्तम धार आहे हे समजून घ्या. मग त्याला विचारा, ‘काका, धार कशी लावता?’ तो जे सांगेल ते या लेखाशी ताडून पाहा आणि फरक आढळला तर आधी वहीत लिहा. तीस-चाळीस वर्षे धार लावणाऱ्या हाताला पुस्तकापेक्षा काही जास्त ठाऊक असण्याचा पुष्कळच संभव आहे.